आवाज किती लांब जातो

माझा गिटारचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, विकायचा म्हणून फोटो टाकला, त्यावर आलेल्या फोनांत नेहमीचेच प्रश्न होते. किती वॉटचा, किती जुना, बिल आहे का, शेवटचे किती. एकाने तर 'ह्याला पेनड्राइव्ह लागतो का' असंही विचारलं. त्यालाही नीट उत्तर दिलं. गारगोटीकडून आलेल्या पोराने मात्र यातलं काहीच विचारलं नाही. भर उन्हात मोटारसायकलवरून आला, मागे बसलेल्या मित्राला घेऊन आत आला, चपला उंबऱ्याबाहेर सरळ लावून ठेवल्या, पाण्याचा तांब्या तोंड न लावता वरून रिकामा केला. मग ॲम्पसमोर उकिडवा बसून काळ्या जाळीवरून बोट फिरवत म्हणाला, "काका, ह्येचा आवाज किती लांब जातोय?"

मी म्हटलं, साठ वॉटचा आहे. तो म्हणाला, "त्ये लिवलंय की. लांब किती जातोय?"

ॲम्पच्या खरेदी-विक्रीत तुमचं निम्मं आयुष्य गेलं, असं आमच्या घरात म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही. पण हा प्रश्न मला आजवर कुणी घातला नव्हता. गिऱ्हाईक नवखं असेल तर वॉट विचारतं. मुरलेलं असेल तर सगळे नॉब शून्यावर आणतं आणि स्पीकरला कान लावून हम, म्हणजे आतली घूंऽऽ, किती आहे ते बघतं. त्याच्याही वरचे काही असतात, ते खिशातून पेन्सिल सेल काढतात, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवतात, स्पीकरचा कागदी कोन पुढे उडी मारतो की मागे ते पाहतात, आणि मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद दाबून आतली कॉइल कुठे घासते का ते अंदाजतात. टोन कसा आहे, स्पीकर मूळचा की बदललेला, आवाज घुमवणाऱ्या रिव्हर्बची स्प्रिंग शाबूत आहे का, यावर तासभर बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. अंतराविषयी कुणी बोलत नाही. गिटारवाल्यांच्या बोलण्यात तो विषयच नसतो.

पोरगा बेंजो वाजवणारा निघाला. वरातीतला, टाइपरायटरसारखी बटणं दाबत वाजवायचा तो आपला बेंजो. त्याचं मूळ घराणं जपानी. १९१२ साली नागोयात तैशोगोतो नावाचं वाद्य निघालं, इकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, आणि आपल्याकडच्या कारागिरांनी त्याला तारांचा सूर विजेत पकडणारा पिकअप बसवून वरातीत उतरवलं. बेंजोवाला चालत वाजवतो. त्याच्यापुढे नवरदेवाचे मित्र, त्यांच्यापुढे त्यांची चुलत-मावस पोरं, आणि अगदी पुढच्या टोकाला तो एक मामा, ज्याला ताल ऐकू आला नाही तरी नाचायचंच असतं. मागे गाडीवर ठेवलेल्या ॲम्पातून निघालेला सूर त्या मामापर्यंत पोचला पाहिजे. बेंजो पार्टीचं पुढचं बुकिंग त्यावर ठरतं. तेव्हा प्रश्न अडाणी नव्हताच. उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, एवढंच.

वॉटवरून अंतर निघत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन. म्हणजे साठ वॉटचा सूर शंभर पावलांवर जेवढा ऐकू येतो, तेवढाच तो एकशेवीस वॉटला एकशेचाळीस पावलांवर येईल. पैसे पार वाढले, उचलताना कंबर धरली, आणि पदरात पडली चाळीस पावलं. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला तर दहापट वॉट लागतात, साठचे सहाशे. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण वॉटवर भाव लावणं सोपं जातं. काही पेट्यांवर तर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, असे आकडे छापलेले असतात की तेवढे वॉट खरोखर निघाले असते तर गल्लीचा फ्यूज गेला असता. मी हे सगळं त्या पोराला सांगायला लागलो. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष माझ्या फाटकाकडे होतं. त्याच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चाललं होतं.

गिटारचा ॲम्प लांबसाठी केलेलाच नसतो, हे मला त्याला सांगायचं होतं. त्याचा जन्म अगदी जवळच्या गरजेतून झाला. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्यात गिटार बुडून जायची, म्हणून रिकनबॅकरने १९३२ च्या सुमारास वीजेवरची गिटार बाजारात आणली आणि तिला आवाज द्यायला ॲम्प आला. पुढे ड्रमवाले जोरात वाजवू लागले, तसे गिटारवाले आणखी मागू लागले. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने गिऱ्हाइकांच्या तगाद्यापायी १९६२ साली फेंडरच्या बेसमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून आपला पहिला ॲम्प बांधला, आणि थोड्याच वर्षांत द हू या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडला त्यातून शंभर वॉट हवे झाले. तरीही त्या खोक्याचं काम लोकांना ऐकवण्यापुरतं कधीच नव्हतं. त्यातला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ गप्प होतो. वाल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तसली काचेची नळी) किंवा ट्रान्झिस्टर सुराला जरा मोडतो, जरा भाजतो, आणि जे बाहेर येतं त्याला आपण गिटार म्हणतो. हीच गिटार सरळ साउंडच्या मिक्सरला जोडा, कानाशी डास भुणभुणल्यासारखी वाजते. उलट गिटारच्या ॲम्पात माईक लावून भाषण करा, वक्ता घोंगडी पांघरून बोलतोय असं वाटेल. बेस गिटार लावाल तर कोनचा कागद एक दिवस फाटतोच. गिटारचा ॲम्प म्हणजे गिटारचाच दुसरा अर्धा भाग, आणि सभेचा ॲम्प म्हणजे निरोप्या. आपल्या बाजारात दोन्ही एकाच फळीवर मांडून वॉटच्या भावाने विकतात.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत हा फरक अंगावर कळायचा. नव्वदच्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात यात्रा म्हटली की ऑर्केस्ट्रा असायचाच. राधानगरीपासून शिरोळपर्यंत कुठल्या ना कुठल्या माळावर पत्र्याच्या पिंपांवर फळ्या टाकून स्टेज उभं राहायचं. वीज खांबावरून घेतलेली. अर्थिंगसाठी जमिनीत लोखंडी गज ठोकून त्यावर मीठ टाकायचं आणि मधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं. ते काम नेमून दिलेलं पोर तमाशा बघण्यात गुंतलं की गिटारच्या तारेत आणि माईकच्या जाळीत भांडण लागायचं, आणि त्यांची मिटवामिटवी आमच्या ओठावर व्हायची. अजूनही मी माईकला तोंड लावण्याआधी हाताची उलटी बाजू लावून बघतो. एसी हॉलमध्येसुद्धा. लोक हसतात. लोकांनी तो झटका खाल्लेला नाही.

अशा माळावर माझा ॲम्प माझ्या मागे, जमिनीवर. लोकांना जे ऐकू जायचं ते बांबूला बांधलेल्या भोंग्यांतून. आहुजाचे ते राखाडी भोंगे गावोगाव असायचे. सकाळी काकड आरती, दुपारी रॉकेल आल्याची दवंडी, रात्री आम्ही. माळापलीकडच्या वस्तीपर्यंत जायची ती त्या भोंग्याची गिटार. माझ्या ॲम्पातली गिटार जायची माझ्या पोटऱ्यांपर्यंत. हे विनोदाने म्हणत नाही. जमिनीवर ठेवलेला ॲम्प पोटऱ्यांना गाणं ऐकवतो, कानाला काही येत नाही म्हणून वाजवणारा व्हॉल्यूम वाढवतो, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानावर पदर घेतात. निम्म्या भांडणांवर उपाय एवढाच असतो की ॲम्प खुर्चीवर ठेवून जरा मागे कलवा. पण ते करायला कुणी तयार नसतं, कारण जमिनीवरचा ॲम्प फोटोत चांगला दिसतो.

आणि मग ज्या आवाजाला ॲम्प लागलाच नाही त्याचं काय?

शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधून घेतलं, त्याला पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. तेव्हा नट-गायकाने गळ्यावरच शेवटची रांग गाठायची होती. तिथे संगीत नाटकं गाजली त्या काळात मी नव्हतो, पण एकदा दुपारी रिकाम्या नाट्यगृहात आमची साउंड टेस्ट चालू असताना लाइट गेले. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माझा ॲम्प, सगळं एका झटक्यात मुकं झालं. आमची गायिका चिडून काहीतरी म्हणाली, आणि मग सहज, ओळ पुरी करायची म्हणून, माईकशिवाय पुढची ओळ म्हणाली. मी शेवटच्या रांगेत लेव्हल ऐकायला उभा होतो. ओळ माझ्यापर्यंत आली, शब्द न् शब्द. लाइट आले, आम्ही पुन्हा फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या कळा, वर सारले, आणि नंतरचा सगळा कार्यक्रम मला ते फेडर खटकत राहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं त्या रात्री खासबागेच्या बाजूला गर्दीत मीही उभा होतो. आजूबाजूला रडणारे बरेच होते. मला रडू येत नव्हतं. इतकं सागवान एकाच वेळी जळताना जो आवाज होतो तोच ऐकत राहिलो होतो, आणि त्याची लाज वाटत होती.

डॉल्बीबद्दल लिहिताना कोल्हापूरच्या माणसाला दोन्हीकडून बोलावं लागतं. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला स्पीकरांची जी भिंत चालत येते तिच्यापुढे मी नाचलोय. छातीचा पिंजरा कुणीतरी आतून वाजवतंय असं वाटतं, आणि ते वाईट वाटत नाही, हे कबूल केलं पाहिजे. आता वडील बिछान्याला आहेत, खिडकीची तावदानं थरथरतात, ते माझ्याकडे बघतात आणि मी नियम आठवतो: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. एवढा नियम माहीत असलेल्या माणसाला ती रात्र जास्तच लांब जाते. लांब जाणारा आवाज म्हणजे खालचा, खर्जाचा आवाज. भिंत, दार, उशी, काही त्याला अडवत नाही. दोन गल्ल्या पलीकडून गाणं कुठलं ते कळत नाही, नुसतं धप्प धप्प येतं. उंच सूर भिंतीला धडकून तिथेच पडतात. बेंजोचं सगळं अंग उंच सुरांचं. डॉल्बीने बेंजोवाल्यांचा धंदा खाल्ला तो निव्वळ जोराने नव्हे. ज्या पट्टीत बेंजो बोलतो ती पट्टी दुसऱ्या घराच्या भिंतीशी संपते. पोलिसांनी डॉल्बीवर हात उगारला की बेंजो-हलगीला पुन्हा सुपाऱ्या येतात. पोराला माझा ॲम्प घ्यायची घाई होती ती त्यासाठीच.

ॲम्प उघडून दाखवा म्हणाला. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे जुनं इलेक्ट्रिकचं सामान कुणी न उघडता घेत नाही. पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कात शिरलं, पुढे २०२१ ला पुन्हा आलं, आणि त्यानंतर बाजारात बरेच 'घरगुती वापराचे, जपून ठेवलेले' ॲम्प दिसायला लागले. वरून पुसून चकाचक. मागची फळी काढली की स्पीकरच्या चौकटीवर तपकिरी गंज, भुश्शाच्या फळीचा खालचा काठ फुगलेला, आणि कोपऱ्यातल्या स्क्रूच्या खाचेत वाळलेला, बारीक, गुळगुळीत गाळ. तो गाळ नखाने उकरून एकदा वास घेतलेला माणूस पुन्हा फसत नाही. माझा ॲम्प माडीवर होता, त्यामुळे कोरडा. पोराने मोबाइलच्या उजेडात कोपरे तपासले, मग फ्यूज बाहेर काढून उजेडाला धरला. फ्यूजच्या जागी वायरीची काडी गुंडाळलेली नाही हे बघून त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

ती काडी काढायची शिस्त मला उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी लावली. मोटारी वाइंड करणाऱ्यांच्या रांगेत त्यांचं टपरीवजा दुकान. जळक्या व्हार्निशचा आणि चहाचा वास एकत्र. आलेलं यंत्र ते कधी सरळ प्लगला लावत नाहीत. भिंतीवर शंभर वॉटचा पिवळा बल्ब, त्याच्या सिरीजमध्ये यंत्र. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट; लागून मंद झाला तर पुढचं बोलू. तसले तारेचे बल्ब आता मिळेनात म्हणून त्यांनी खोकंभर भरून ठेवलेत. त्यांचं म्हणणं असं की यंत्र जळतं ते माणसाला थांबवेना म्हणून. यावर वाद घालायला मी कधी गेलो नाही, कारण माझा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या टेबलावर असायचा.

तर पोराने ॲम्प अंगणात मांडला. मित्राने पिशवीतून बेंजो काढला, मांडीवर घेतला, जॅक खुपसला. मी व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवला. मित्र हळदीतलं काहीतरी चालतं-बोलतं वाजवायला लागला, आणि हा फाटक उघडून गल्लीतून चालू पडला. मागे न बघता, सावकाश, आवाज पाठीवर घेतल्यागत. बिरोबाच्या देवळाजवळ थांबला, मान हलवली, पुढे गेला. पिठाच्या गिरणीपाशी पोचला आणि एक हात वर केला. संपला, म्हणून. मी इथून ओरडून विचारलं, एवढंच? तो परत येऊन धाप टाकत म्हणाला, "गिरणी चालू हाय काका. बंद आसती तर अजून म्होरं गेला आसता."

माझ्या डेसिबलच्या हिशोबात गिरणी नव्हती.

त्याने सांगितलेल्या भावावर मी फार ताणलं नाही. निम्मे तेव्हा, निम्मे लगीनसराई उरकल्यावर. आणि दिलेही, न मागता. केबल आणि दोन जास्तीचे फ्यूज मी वरून दिले.

घरात आता लेकीची गिटार. तिचा ॲम्प लॅपटॉपच्या पडद्यावर आहे, चित्रातला. चित्रातले नॉब माउसने फिरवते, हेडफोन लावते, आणि आम्हाला फक्त तारांची टकटक ऐकू येते. तिला आता एक खराखुरा, छोटा, वाल्व्हचा हवा होता. इचलकरंजीत एकाने पाच वॉटचा विकायला काढला होता, तो बघायला आम्ही गेलो. पाच वॉट ऐकून मी नाक मुरडलं. लेक म्हणाली, पप्पा, आवाज कशात मोजायचा ते तुम्ही त्या बेंजोवाल्याकडून शिका.

विकणारा माझ्याच वयाचा. घर वरच्या मजल्यावर, खाली यंत्रमागाची शेड. पण शेडमध्ये माग नव्हते, फरशीवर त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे वर आलेले. भंगारात घातले म्हणाला. वाल्व्ह तापेपर्यंत चहा आला. भावाने अमेरिकेतून आणलेला ॲम्प, एकशेदहा व्होल्टचा, शेजारी आपल्याकडचे व्होल्ट उतरवून देणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घरघरत होता. इतका चांगला असून विकताय का, मी विचारलं. "माग चालू हुते तवर रात्री बारालाबी फुल्ल ठेवून वाजवायचो की. खाली खटखट चालू, कुणाला पत्ता लागतोय? आता दोनवर ठेवला तरी तिसऱ्या घरातनं फोन येतोय." आणि दोनवर हा ॲम्प बोलत नाही, वाल्व्हला जरा राबवलं तरच त्यातून तो भाजका सूर निघतो. मागांच्या गोंगाटात या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःची एक मोकळी खोली करून घेतली होती. मंदीत मागांबरोबर ती खोलीही गेली.

लेकीने जॅक लावला, नॉब सातवर नेला आणि एकच जाड कॉर्ड वाजवला. खिडकीच्या पलीकडून लगेच एका आजीचा आवाज आला, "कोन बडवायलंय रं परत?"

लेकीने शांतपणे नॉब खाली आणला आणि म्हणाली, "काका, शेजाऱ्यांचे दोन हजार कमी करा."

"शेजारी काय ॲम्पसंगं येत न्हाईत, ताई."

"आमचेपण आहेत की. पेठेत राहतो आम्ही."

तो हसायला लागला. दीड हजार सोडायला तयार झाला, पण स्टेप-डाऊनचे वेगळे म्हणाला. त्यावर लेक म्हणाली की स्टेप-डाऊनशिवाय हा लावला की पहिल्याच मिनिटाला धूर. मी मध्ये काही बोललो नाही, दुसरा चहा घेतला. शेवटी स्टेप-डाऊन त्यातच धरला, आणि वाल्व्हची जास्तीची एक जोडी होती तिच्यावर घोडं अडलं.